सफरीचा रस्ता आणि समुद्रकिनारा

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी मध्यंतरी भेटावयास आली होती. ती आणि तिचे यजमान पूर्व आफ्रिकेच्या सहलीस निघाले आहेत. सहलीचा छापील कार्यक्रम तिने माझ्यापुढे ठेवला. सात दिवस अरण्य आणि नंतर चार दिवस समुद्रकिनारा. "सर, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवलात. यात पाहण्यासारखे काही राहिले असेल तर सांगा," असे ती म्हणाली. मी तो कागद दोन दिवस ठेवून घेतला. कागदात खोट काढावी असे काही नव्हते. सिंह कोठे दिसतील, हत्ती कोठे, किनाऱ्यावरील खोलीतून समुद्र दिसेल की नाही, हे सर्व त्यात नीट दिले होते. परंतु त्या मुलखातून कधी माणसेही चालत गेली होती, याचा मात्र त्यात मागमूस नव्हता.

प्रथम त्या शब्दाविषयीच सांगतो. 'सफारी' हा शब्द आता आपल्याला इंग्रजी वाटू लागला आहे. वस्तुतः तो किस्वाहिली भाषेतला, आणि त्या भाषेने तो अरबीतून घेतला. आपण मराठीत 'सफर' म्हणतो तो याच घराण्यातला, फक्त फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. किस्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. नैरोबीहून मोंबासाला मावशीकडे निघालेला मनुष्यही सफारीलाच निघालेला असतो. त्या शब्दाला बंदुकीचा वास लागला तो गोऱ्या शिकाऱ्यांच्या काळात. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मोंबासास उतरले, आणि त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून अधिक मोठी जनावरे मारली. केनियाने १९७७ साली शिकारीस बंदी घातली, तेव्हापासून तेथील सफारी कॅमेऱ्याची झाली. पण या दोहोंच्याही आधी एक सफारी होती, आणि ती डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसांची होती.

माझ्या विद्यार्थिनीच्या कागदावर अरण्य आधी आणि किनारा मागाहून होता. बहुतेक सर्वांच्या कागदावर हाच क्रम असतो. सात दिवस धूळ खाल्ली की माणसाला पाणी हवे असते, हे खरेच. मौज अशी की, एकोणिसाव्या शतकातील तांड्यांचाही सुखाचा प्रवास याच क्रमाने होई. टांगानिका सरोवरावरील उजिजी, तेथून टबोरा आणि टबोऱ्याहून समुद्रावरील बागामोयो हा त्यांचा मोठा रस्ता. जाताना पाठीवर अमेरिकन कापडाचे गठ्ठे, काचेचे मणी आणि पितळेची तार, येताना हस्तिदंत. एकेका हमालाच्या वाट्यास तीस किलोच्या आसपास ओझे येई. बैल किंवा घोडे का नेत नसत, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर एका माशीत आहे. त्से-त्से माशी चावली की गुरे आणि घोडी रोगाने मरत, म्हणून त्या मुलखात गाडी चालेना, आणि जे काम इतरत्र बैलांनी केले ते तेथे माणसांच्या मानेवर पडले. न्याम्वेझी जमातीचे लोक हे काम मजुरीने करीत आणि त्यात त्यांना अभिमान वाटे. पण त्याच रस्त्याने गळ्यात जू अडकवलेले गुलामही येत. बागामोयो या नावाचे दोन अर्थ सांगतात. हमाल म्हणत, आता येथे जीव हलका कर. गुलाम म्हणत, आता येथेच काळीज ठेवून जा. भाषाशास्त्राच्या दृष्टीने कोणता खरा हा वाद विद्वानांनी करावा, मला दोन्ही खरे वाटतात.

या व्यापारात आपण केवळ प्रेक्षक होतो असे समजण्याचे कारण नाही. झांजिबारच्या सुलतानाचे जकातीचे उत्पन्न दीर्घकाळ कच्छातील मुंद्र्याच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे मक्त्याने होते. तांड्यांना भांडवल पुरवणारे सावकार पुष्कळसे हिंदी होते. हस्तिदंताचा मोठा भाग मुंबईच्या बाजारात येई आणि काही येथून पुढे जाई. कच्छ, काठेवाड आणि राजस्थानकडील नवरीच्या हातातला हस्तिदंती चुडा कोणाच्या मानेवरून आला याचा विचार लग्नघरात कोणी केला असेल असे वाटत नाही. गोव्याकडे बोट दाखवावयाचे तर मोझांबिकहून आणलेले हबशी गुलाम तेथील सधन घरांतून शतकानुशतके राबत होते, आणि ती घरे आम्हा ख्रिस्ती लोकांचीच होती.

आता जावे केव्हा? या प्रश्नाचे उत्तर वाऱ्याने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचा वारा वाहतो, त्याला तिकडे 'कास्काझी' म्हणतात. या वाऱ्यावर कच्छ, अरबस्तान आणि मलबार येथून गलबते आफ्रिकेस जात. एप्रिलनंतर 'कुसी' हा नैर्ऋत्येचा वारा सुटला की ती परतत. आजच्या प्रवाशाने एवढे ध्यानात ठेवावे की मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ. रस्ते चिखलाने भरतात, किनाऱ्यावरची पुष्कळ हॉटेले त्या दिवसांत बंदही असतात. जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने अरण्यासाठी उत्तम. गवत वाळून खाली बसते, जनावरे पाणवठ्यांवर जमतात, आणि सेरेंगेटीतील नू हरणांचे लाखोंचे कळप साधारण जुलैच्या सुमारास उत्तरेकडे केनियाच्या मारा नदीकडे सरकू लागतात. त्यांची पाडसे जन्मतात ती जानेवारी-फेब्रुवारीत, सेरेंगेटीच्या दक्षिण भागात. ज्यांना समुद्र शांत आणि उबदार हवा त्यांना हेच दोन महिने बरे. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला लागतो, तो निघण्यापूर्वी किमान दहा दिवस अगोदर टोचून घेतलेला असला पाहिजे. मलेरियाविषयी डॉक्टरांना विचारावे. प्लास्टिकच्या पिशव्या सामानात मुळीच ठेवू नयेत. केनियाने २०१७ साली आणि टांझानियाने २०१९ साली त्यांच्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडची बंदी पाहून तिकडच्या बंदीचा अंदाज बांधू नये.

एवढे व्यवहाराचे झाले. आता ज्या गोष्टीसाठी मी तो कागद दोन दिवस ठेवून घेतला तिच्याकडे वळतो.

नाशिकला शरणपूर म्हणून भाग आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने तेथे एक वसाहत स्थापिली. इंग्रजी आरमाराची जहाजे अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडीत, तेव्हा त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईस आणली जात. ती स्वतःच्या गावाचे नाव विसरलेली, आईबापांपासून हजार कोसांवर आलेली मुले. त्यांना परत कोठे पाठवावयाचे हे कोणालाच ठाऊक नसे. त्यांपैकी कितीएक शरणपुरास आली. तेथे त्यांना अक्षरे, सुतारकाम, लोहारकाम आणि ख्रिस्ती धर्म शिकवण्यात आला. गोदावरीच्या काठी ती वाढली. बाजारात जी भाषा त्यांच्या कानी पडली ती मराठीच. पुढे आफ्रिकेत त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले, आणि इंग्रजी प्रवासवर्णनांत 'नासिक बॉइज' हे नाव रूढ झाले. दाढीमिशा आलेल्या माणसांनाही 'बॉइज'च म्हणत, हेही त्या काळास धरूनच.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ साली झांजिबारहून आपली लहानशी आगबोट स्वतः हाकारीत मुंबईस आला. त्याच्याबरोबर चुमा नावाचा मुलगा होता. त्याला गुलामांच्या तांड्यातून सोडविले होते. तो काही काळ मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. लिव्हिंग्स्टन पुन्हा आफ्रिकेस निघाला तो १८६६ च्या जानेवारीत, मुंबई बंदरातून, आणि त्याच्या तांड्यात शरणपूरचे नऊ तरुण होते. त्या नऊ जणांची कहाणी सरळ नाही. कोणी कंटाळून पळाले, कोणी वाटेत मेले, कोणाशी त्याचे पटले नाही. लिव्हिंग्स्टन त्यांच्यावर पुष्कळदा रागावलेला दिसतो, आणि त्याने लिहून ठेवले म्हणून त्याची बाजू आपल्याला कळते, त्यांची कळत नाही. पण त्यांपैकी गार्डनर हा अखेरपर्यंत राहिला. १८७२ साली स्टॅन्लीने किनाऱ्यावरून नवी माणसे पाठवली, त्यांतही शरणपूरचे शिकलेले होते. त्यांतील एकाचे नाव जेकब वेनराइट, दुसऱ्याचे मॅथ्यू वेलिंग्टन.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सकाळी माणसांनी पाहिले तेव्हा तो खाटेशी गुडघे टेकलेल्या स्थितीत होता. त्या ठिकाणी एकही गोरा मनुष्य नव्हता. हुकूम देणारा कोणी उरला नव्हता. मजुरी मागावयाची तरी कोणाकडे? सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी बसून विचार केला आणि ठरविले की साहेबाला त्याच्या लोकांकडे पोहोचते करावयाचे. त्यांनी त्याचे काळीज एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. शरणपुरात गिरविलेली अक्षरे मध्य आफ्रिकेतील एका झाडावर अशी उमटली. देहात मीठ भरले, तो उन्हात वाळविला, कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला, आणि खांद्यावर घेऊन ते निघाले.

सुमारे हजार मैलांचा रस्ता. नऊ महिने लागले. प्रेत घेऊन आपल्या हद्दीतून जाऊ देण्यास गावोगावी लोक कचरत. टबोऱ्यास लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ निघालेली इंग्रजांची तुकडी भेटली. तिच्या प्रमुखाने सांगितले, येथेच पुरून टाका, पुढे कशाला नेता? त्यांनी ऐकले नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोस पोहोचले. तेथे 'होली घोस्ट' संघाच्या फ्रेंच कॅथलिक पाद्र्यांचे मिशन होते. त्यांनी देह उतरवून घेतला. त्यांच्या जुन्या चर्चच्या मनोऱ्याला आजही लिव्हिंग्स्टनचे नाव आहे. आयुष्यभर प्रॉटेस्टंट मिशनची टोपी घातलेला मनुष्य, प्रॉटेस्टंट शाळेत वाढलेली माणसे, आणि दार उघडले ते आमच्या लोकांनी. यावरून मी काही मोठे अनुमान काढीत नाही. त्या दिवशी कोणी पंथ विचारला नाही एवढेच म्हणतो.

पुढे जे झाले ते मात्र वाचून वाईट वाटते. किनाऱ्यावर आल्यावर माणसांना पगार चुकते करून निरोप देण्यात आला. देहाबरोबर विलायतेस गेला तो एकटा जेकब वेनराइट. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा पेटीला धरून चालणाऱ्यांत तो होता. सुसी आणि चुमा यांना मागाहून इंग्लंडला नेले, पण तोपर्यंत विधी उरकला होता.

आमच्या पाठ्यपुस्तकांत लिव्हिंग्स्टनवर धडा असे आणि त्यात 'विश्वासू नोकर' असा शब्द असे. मीही तो बरीच वर्षे तसाच शिकवला. नोकर धनी जिवंत असेपर्यंत नोकर असतो. मेलेल्या धन्याला हजार मैल वाहून नेणाऱ्या माणसांना काय म्हणावे, हे मला तेव्हा सुचले नाही.

याच गोष्टीचा पुढला भाग थेट समुद्रकिनाऱ्यावर आहे. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. मुक्त गुलामांना वसविण्यासाठी मोंबासासमोर, खाडीपलीकडे, १८७५ साली एक गाव स्थापन झाले. त्याचे नाव फ्रिअर टाउन. ते उभारण्यास आले विल्यम साल्टर प्राइस, म्हणजे शरणपूर चालविणारेच पाद्री, आणि त्यांच्याबरोबर नाशिकचे आफ्रिकन आले. शाळामास्तर, सुतार, लोहार, धर्मोपदेशक सर्व तेच. गुलाम पकडणारे येत आहेत असे दिसले की गावात घंटा वाजे. ती घंटा आजही चौकात आहे, आणि त्या चौकाला 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, असे नाव पडले आहे. ज्या न्याली किनाऱ्यावर आज हॉटेलांची रांग आहे, त्याच्या वाटेवरच हा चौक लागतो. माझ्या विद्यार्थिनीची दोन दिवसांची खोली न्यालीलाच राखलेली होती. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासासच राहिला आणि १९३५ साली तेथेच वारला. म्हणजे लिव्हिंग्स्टनला खांदा दिलेला, नाशिकला वाढलेला मनुष्य आपल्या आजोबांच्या हयातीत जिवंत होता.

मोंबासाचा फोर्ट जीझस मात्र कार्यक्रमात होता, अर्ध्या दिवसाचा. १५९३ साली पोर्तुगिजांनी तो बांधावयास घेतला. नकाशा कैराती या इटालियन स्थापत्यकाराचा, हुकूम गोव्याच्या सत्तेचा, आणि पाथरवट गोव्याहून नेलेले. या किल्ल्याची एक कथा वाटाडे थोडक्यात आटोपतात. १६१४ साली पोर्तुगीज कप्तानाच्या कारस्थानाने मोंबासाचा सुलतान मारला गेला. त्याचा लहान मुलगा युसुफ गोव्यास नेण्यात आला. ऑगस्टिनियन संन्याशांनी त्याला शिकविले, बाप्तिस्मा दिला आणि त्याचे नाव डोम जेरोनिमो झाले. जुन्या गोव्यात ज्यांच्या चर्चचा पडका मनोरा आपण पाहतो तेच हे ऑगस्टिनियन. मोठा झाल्यावर त्याला राजा करून मोंबासास धाडले. तेथे तो रात्री गुपचूप वडिलांच्या कबरीपाशी जाऊन मुसलमानी पद्धतीने प्रार्थना करतो अशी कुणकुण कप्तानास लागली. पुढचे पाऊल कप्तानाने टाकण्याआधी त्यानेच टाकले. १६३१ च्या ऑगस्टमध्ये तो किल्ल्यात शिरला, कप्तानास ठार केले आणि ज्या ख्रिस्ती लोकांनी धर्म सोडण्यास नकार दिला त्यांची कत्तल केली. त्यांत पाद्री होते, तसे आफ्रिकन ख्रिस्तीही होते. गोव्याहून आलेल्या आरमाराला किल्ला परत घेता आला नाही, पण तोही तेथे टिकला नाही. समुद्रावर चाचेगिरी करीत फिरला आणि १६३८ साली मरण पावला.

मला ही कथा प्रथम हुतात्म्यांची कथा म्हणूनच वाचावयास मिळाली. ते हुतात्मे होतेच, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण बापाला मारणाऱ्यांच्या हाती वाढलेल्या त्या मुलाच्या शिक्षकांनी त्याला काय शिकविले आणि काय कधी विचारलेच नाही, असे मनात येते. मुले शिकविणाऱ्या माणसाला ते येणारच.

त्साव्होविषयी लांबण लावीत नाही. १८९८ सालच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट सर्वांस माहीत असते. ज्या रेल्वेसाठी ते मजूर तेथे गेले ती बांधावयास सुमारे ३२,००० हिंदी मजूर नेले होते आणि त्यांतील जवळजवळ अडीच हजार परत आले नाहीत. सिंहांनी खाल्लेले त्यांत फार थोडे. बाकीच्यांस ताप, हगवण आणि अपघात यांनी नेले, म्हणून त्यांची गोष्ट झाली नाही. २०१७ साली सुरू झालेली नवी रेल्वे नैरोबीहून मोंबासास याच अरण्यातून जाते. तिच्या खालून हत्तींना जाण्यासाठी वाटा ठेवल्या आहेत. खिडकीजवळची जागा मिळाल्यास लाल मातीत न्हालेले हत्ती गाडीतूनही दिसतात. विमानापेक्षा ही गाडी घ्यावी असे मी सुचविले.

आणि एक दिवस बागामोयोसाठी काढावा. दारेसलामच्या उत्तरेस ते मोटारीच्या वाटेवर आहे. झांजिबारला जाण्यापूर्वी सहज होते. जुन्या मिशनचा मनोरा, वाळूत टेकलेली गलबते आणि तांडे उतरत ती जागा, याहून तेथे फारसे काही नाही. झांजिबारात गुलामांच्या बाजाराच्या जागी अँग्लिकन कथीड्रल आहे. आत एक लाकडी क्रूस टांगलेला आहे. ज्या झाडाखाली चितांबोच्या गावी ते काळीज पुरले, त्याच झाडाच्या लाकडाचा तो आहे.

हे सर्व मी कागदाच्या मागील बाजूस लिहून दिले. विद्यार्थिनीने ते वाचले, यजमानांशी बोलून पाहते म्हणाली. परवा तिचा फोन आला. किनाऱ्याचे चार दिवस होते, त्यांतला एक कमी केला आहे. जाण्यापूर्वी एकदा नाशिकला जाऊन शरणपूर पाहून येऊ म्हणतात, तेथे अजून काय शिल्लक आहे, असे ती मला विचारीत होती.